करविता कोण?

‘पत्रकार मारले गेले’ असे आपण सहज लिहून जातो. या वाक्यरचनेत कर्ता गाळता येतो. न्यायाचा सारा झगडा त्या गाळलेल्या जागेसाठीच असतो.

७ ऑक्टोबर २००६ रोजी मॉस्कोत आना पोलित्कोव्स्काया यांची राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गोळ्या झाडून हत्या झाली. चेचन्यातील छळाविषयीचा त्यांचा अपुरा लेख ‘नोवाया गझेता’ने पाच दिवसांनी छापला. २०१४ मध्ये पाच जणांना शिक्षा झाली. कर्ते सापडले, करविता मात्र अज्ञातच राहिला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१८ मध्ये तपासातील याच उणिवेवर बोट ठेवले. पुढे त्या पाचांपैकी एक, माजी पोलीस अधिकारी, युक्रेन युद्धात लढल्यामुळे २०२३ मध्ये माफी मिळवून मोकळा झाला.

अशा लेखिकेला ‘हुतात्मा’ म्हणून गौरवणे सोपे असते. पण त्या गौरवात मृत्यू जणू तिच्या धैर्याची स्वाभाविक परिणती ठरतो. आम्हांला हे मान्य नाही. तिचा जीव धैर्याने नव्हे, कोणाच्या तरी आज्ञेने गेला. भाषेच्या अभ्यासकांनी तरी श्रद्धांजली लिहिताना ती रिकामी जागा झाकू नये.