न हलतां होणारा व्यायाम

गेल्या महिन्यांत आमचा पुतण्या धुळ्याहून जळगांवीं आला, तो एक बेत मनाशीं पक्का करूनच. त्याच्या मातोश्री, म्हणजे आमच्या वहिनी, यंदा सत्तरीच्या झाल्या. तपासणींत त्यांचीं हाडें विरळ झाल्याचें आढळलें, आणि तेव्हांपासून पडण्याच्या धास्तीनें त्यांनीं अंगणांत उतरणेंही सोडलें. पुतण्यानें एका व्यायामशाळेंत पायांखालीं थरथरणारा चौरंग पाहिला होता. "काका, आईनें ह्यावर दहा मिनिटें नुसतें उभें राहायचें, दुसरे कष्ट नाहींत. तुम्हीं सांगितलेंत तर ती ऐकेल." किंमत त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. मीं चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दिवसांत जें वाचलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

कल्पना आजची नव्हे. स्टॉकहोम येथें डॉ. गुस्ताव झांडर ह्यांनीं १८६५ सालीं यंत्रांनीं व्यायाम देणारी संस्था काढली. तींत अंग थरथरविणारींही यंत्रें होतीं. पुढें १९६६ मध्यें हागबार्थ व एक्लुंड ह्या स्वीडिश संशोधकांनीं ह्यामागील शरीरधर्माचें वर्णन केलें. स्नायूला जलद कंपन लाविलें, कीं तो क्षणोक्षणीं किंचित् ताणला जातो. ती वार्ता मज्जारज्जूला पोहोंचते, आणि आपली इच्छा असो वा नसो, स्नायु आकुंचन पावतो. चौरंग सेकंदास तीस-चाळीस वेळां, कांहीं मिलिमीटर, वरखालीं होतो. तितक्या वेळां पायांना सांवरावें लागतें.

ज्यांनीं लहानपणीं आखाड्यांतील जड लेझीम हातीं घेतली असेल, त्यांना हें सहज उमजेल. लोखंडी सांखळीच्या प्रत्येक हिसक्याला खांद्यापासून पोटरीपर्यंत सारें अंग सांवरून धरावें लागतें. तेथें हिसका आपण देतों, येथें वीज देते. भेद एवढाच, पण तो लहान नाहीं.

बेल्जममध्यें लूव्हन येथें व्यायामाची संवय नसलेल्या तरुणींवर बारा आठवडे प्रयोग करून त्याचे निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाले. कंपणाऱ्या चौरंगावर गुडघे वांकवून व्यायाम करणाऱ्यांच्या मांडीची शक्ति सुमारें १६ टक्के वाढली. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांचीही जवळजवळ तितकीच. ज्यांच्या चौरंगाचें कंपन नांवापुरतें होतें, त्यांना लाभ झाला नाहीं. तेव्हां कंपनाचा गुण खरा. मात्र त्या मुली तेथें नुसत्या उभ्या नव्हत्या, हें विसरूं नये.

हाडांची गोष्ट निराळी. अमेरिकेंत क्लिंटन रुबिन ह्यांनीं मेंढ्यांना रोज २० मिनिटें, आठवड्याचे पांच दिवस, वर्षभर मंद कंपन दिलें. त्यांच्या मांडीच्या हाडाचा जाळीदार भाग ३४ टक्के घट्ट झाल्याचें २००१ सालीं प्रसिद्ध झालें. एवढेंच वाचून मी थांबलों असतों, तर यंत्र घरांत आलें असतें. परंतु टोरांटो येथें ऋतुनिवृत्ति झालेल्या २०२ स्त्रियांवर असाच वर्षभर प्रयोग झाला, आणि हाडांच्या घनतेंत कांहींच फरक पडला नाहीं, असें २०११ सालीं जाहीर झालें. मेंढीला मानवलें तें वहिनींना मानवेलच, असें नाहीं.

कंपनाची दुसरी बाजू तर आमच्या घरांतच आहे. धाकट्या बंधूंची रावेर तालुक्यांत केळीची शेती. वर्षानुवर्षें ट्रॅक्टरवर बसून त्यांची कंबर कायमची धरली. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदास चार-पांच हेलकाव्यांना सर्वांत अधिक हादरतो, आणि ट्रॅक्टरचे धक्के बहुधा त्याच जातीचे. एकच कंपन गति, मात्रा व काळ ह्यांप्रमाणें औषध ठरतें किंवा विष. नुकतें हाड मोडलेल्यांनीं, गर्भवतींनीं व रक्ताची गुठळी झालेल्यांनीं तर ह्या चौरंगावर चढूंच नये.

पांचव्या दिवशीं मी धुळ्यास गेलों. पुतण्या जरा हिरमुसला. "मग आईनें काय करायचें?" डॉक्टरांना विचारून आम्हीं एवढेंच ठरविलें: भिंतीला टेकविलेली भक्कम खुर्ची, समोर खिडकीचे गज, आणि सकाळ-संध्याकाळ उठणें-बसणें. बलवंतानेंही व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा, हें वाग्भटाचें सांगणें. म्हणून दम लागण्याआधीं थांबावयाचें. यंत्रासाठीं ठेविलेल्या पैशांतून न्हाणीघराची निसरडी फरशी बदलली व भिंतीला धरावयास दांडे बसविले.

पहिल्या दिवशीं वहिनी गज धरून तीनदां उठल्या. परवां मी गेलों तेव्हां हात न टेकतां आठ वेळां उठल्या, आणि मग कोणाला न सांगतां अंगणांत जाऊन तुळशीला पाणी घालून आल्या. पुतण्या मागें धांवला, तशा म्हणाल्या, "अरे, पाय माझेच आहेत, त्यांना मीच हलवीन."