टाकीत पावडर नको, उपसा हवा

‘पावडर टाकल्यास सेप्टिक टँक उपसावा लागत नाही’ हे एका पत्रलेखकाचे म्हणणे चुकीचे आहे. मैला कुजवणारे जिवाणू मैल्यातूनच येतात; त्यांच्यासाठी पावडर लागत नाही. ॲसिड-फिनाइलच्या माऱ्याने मात्र ते मरतात. खरी अडचण वेगळीच आहे. आपल्या शहरात नळाला काही दिवसांच्या खंडाने पाणी येते, म्हणून सगळीकडे पाणी येते त्याच दिवशी घरभराचे धुणे निघते. हा लोंढा टाकीत गेला की तळचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात उतरतो आणि खड्डा बुजतो. धुण्याचे पाणी वेगळे काढावे. सॅनिटरी पॅड, खरकटे तेल टाकीत जाऊ देऊ नये. दर दोन-तीन वर्षांनी उपसा करावा, तोही सक्शन गाडीनेच. संरक्षक साधनांविना माणूस आत उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर