ताटातले अन्न आणि शाळेतला वाफा

शहरातील एका नावाजलेल्या प्राथमिक शाळेत मधल्या सुट्टीनंतर व्हरांड्यातून जाण्याचा योग आला. जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात अर्ध्या-अर्ध्या पोळ्या, भाजीचे गोळे आणि एक न फोडलेले केळे पडले होते. मुले आनंदात होती, शिक्षकांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. ज्या संस्कृतीत अन्नाला पूर्णब्रह्म मानले जाते, तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करणे हे व्रत म्हणून सांगितले आहे, त्या संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्या घरांतूनच ते डबे आले होते. ही गोष्ट मनाला लागून राहिली.

अन्नाची नासाडी म्हटले की आपण लग्नातील पंगतींकडे आणि हॉटेलांकडे बोट दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल मात्र वेगळे सांगतो. २०२२ या एका वर्षात जगभरात, साली-देठे धरून, सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घरांतून गेले. म्हणजे प्रश्न आपल्या स्वयंपाकघरापासून सुरू होतो. मुलाचा डबा हा त्याच स्वयंपाकघराचा एक भाग होय.

यावर आपला नेहमीचा उपाय म्हणजे उपदेश. पण ज्या मुलाने भाजी फक्त पिशवीतून येताना पाहिली, त्याला अन्नाचे मोल शब्दांनी कसे कळावे? मूल्य श्रमातून कळते. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण हा विचार मांडला, त्याचे मर्म हेच होते. केंद्रीय शिक्षण खात्याने २०१९ मध्ये शाळांतील पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा नसेल तर कुंड्या आणि गच्चीही चालते, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा जागेची सबब फारशी टिकत नाही.

मात्र परसबागेकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. शासकीय व अनुदानित शाळांतील माध्यान्ह भोजनात प्राथमिकच्या मुलासाठी रोज ५० ग्रॅम भाजीचे प्रमाण ठरलेले आहे. पन्नास मुलांची शाळा धरली तरी रोज अडीच किलो भाजी लागते. चार वाफ्यांतून ती वर्षभर निघणार नाही. वाफ्याचे खरे पीक वेगळेच आहे. मेथीचे बी टाकल्यापासून जुडी हाती येईपर्यंत महिनाभर रोज पाणी घालणारे मूल ती मेथी ताटात आली की सहजासहजी टाकत नाही. नाक मुरडणाराही ‘आपल्या वाफ्यातली’ म्हणून एक घास खाऊन पाहतो. या एका घासासाठी हा सारा खटाटोप आहे.

हे काम नियोजनाने करावे लागते. जूनमध्ये शाळा उघडताच भेंडी, गवार, दोडका लावावा. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा घ्यावा. मे महिन्याच्या सुट्टीत बाग करपते, म्हणून उन्हाळ्यासाठी शेवगा आणि कढीपत्ता अशी तग धरणारी झाडे असावीत. हात धुण्याचे पाणी वाफ्यांकडे वळवावे. भाजीच्या साली आणि पालापाचोळा खड्ड्यात जावा; शिजलेल्या अन्नाने मात्र उंदीर येतात, ते उरले तर ताजे असतानाच गुरांना द्यावे.

दुसरे काम मोजण्याचे. आठवडाभर रोज उरलेले अन्न तिसरी-चौथीच्या मुलांनी तराजूवर तोलावे आणि फळ्यावर लिहावे. कोणी टाकले हे विचारू नये, किती टाकले एवढेच पाहावे. गणिताचा तास होतो आणि कारणेही उघड होतात. कुठे सुट्टी अपुरी असते, कुठे पहिल्याच वाढपात पहिलीच्या मुलाला चौथीच्या मुलाएवढे वाढले जाते. ‘आधी थोडे घे, मग हवे तर माग’ एवढ्या एका नियमाने पुष्कळ अन्न वाचते. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही विचारावे. कोणत्या दिवशी पातेले रिकामे होते आणि कोणत्या दिवशी नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ताट संपवण्यासाठी मुलावर जबरदस्ती मात्र करू नये. धाकाने खाल्लेल्या घासातून अन्नाविषयी प्रेम उपजत नाही.

‘आम्ही मुलांना माळीकाम शिकायला शाळेत पाठवत नाही,’ असे म्हणणारे पालक भेटतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की मातीत हात घालण्यात कमीपणा मानण्याच्या या वृत्तीनेच आपल्या समाजाचे मोठे नुकसान केले आहे. म्हणूनच बागेत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. वाफा खणणे, खत टाकणे, भांडी विसळणे ही कामे मुलगा-मुलगी, जात, घरची परिस्थिती न पाहता सर्वांना पाळीपाळीने यावीत. बाग ही शिक्षा नसावी, की शिपायावर टाकलेला जादा भारही नसावा. एकाच वाफ्यावर राबून एकाच पंगतीत बसलेल्या मुलांना समतेचा वेगळा धडा द्यावा लागत नाही.

कार्यकर्त्यांना आपल्या वस्तीतील शाळेसाठी यात बरेच करता येईल. निवृत्त शेतकऱ्याला आठवड्यातून एक तास बोलावणे, रोपे मिळवून देणे, सुट्टीत पाणी घालण्याची पाळी लावणे, ही कामे लहान आहेत आणि त्यांना निधी फारसा लागत नाही. पालकांनी आज एवढेच करावे: संध्याकाळी मुलाचा डबा रागावण्यासाठी नव्हे, तर समजून घेण्यासाठी उघडून पाहावा. उरले असेल तर उद्या अर्धी पोळी कमी द्यावी आणि खिडकीतल्या कुंडीत त्याच्याच हाताने चिमूटभर मेथी पेरावी. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणण्याचा अधिकार अशा घरांना अधिक शोभेल.