विधान परिषद: अडवता येत नाही, मग ती असते कशाला?

अधिवेशन सुरू झालं की मोबाईलवर बातम्या येतात, 'विधान परिषदेत गदारोळ', 'विधेयक परिषदेत अडकलं'. गावच्या पारावर मग हमखास प्रश्न निघतो. आपण मत देऊन पाठवतो तो आमदार विधानसभेत बसतो. मग हे दुसरं सभागृह काय करतं?

महाराष्ट्राच्या विधानसभेत 288 आमदार आहेत, तर परिषदेत 78. परिषदेवर थेट जनतेतून कोणी जात नाही. काही जागा विधानसभेचे आमदार निवडतात. काही जागांसाठी झेडपी सदस्य, पंचायत समिती सभापती आणि नगरसेवक मतदान करतात. 7 जागा पदवीधरांच्या, 7 शिक्षकांच्या आणि 12 राज्यपाल नियुक्त.

पैशाची किल्ली विधानसभेकडे

अर्थविषयक विधेयक परिषद जास्तीत जास्त 14 दिवस ठेवू शकते. त्यानंतर ते मंजूर झालंच असं धरलं जातं. बजेटवर परिषदेत चर्चा होते, पण खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत.

साध्या विधेयकाला परिषद पहिल्या वेळी तीन महिने थांबवू शकते. विधानसभेने ते पुन्हा मंजूर केलं, तर आणखी एक महिना. त्यापुढे परिषदेचा विरोध चालत नाही. सरकार पाडणं तर तिच्या हातातच नाही, कारण मंत्रिमंडळ फक्त विधानसभेला जबाबदार असतं.

थोडक्यात, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं. बोलणार, सल्ला देणार, थोडं थांबवणार; व्यवहार मात्र दुसऱ्याच्या हातात.

मग उपयोग काय?

1960 ते 1978 परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे हे रोजगार हमी योजनेचे जनक. त्या योजनेचा 1977 मध्ये राज्यात कायदा झाला. 2005 मध्ये केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला. दुष्काळी भागात ज्यांच्या घरची चूल हमीच्या कामावर पेटली, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

दुसरी बाजूही आहे. निवडणूक न लढवलेल्या नेत्यांची सोय म्हणून परिषद वापरली जाते, ही टीका जुनी आहे. 2020 मध्ये पाठवलेल्या राज्यपाल नियुक्त 12 नावांवर निर्णयच झाला नाही; 2024 मध्ये नव्याने 7 जण नेमले गेले. 2022 पासून झेडप्या प्रशासकांकडे गेल्या आणि मतदारच नसल्याने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अनेक जागाही रिकाम्या राहिल्या. म्हणजे गावाकडून परिषदेत जाणारा रस्ताच बंद पडला.

परिषद नको असेल तर विधानसभेने दोन तृतीयांश बहुमताने ठराव करावा आणि संसदेने कायदा करावा, अशी तरतूद आहे. आंध्रने 1985 मध्ये परिषद बंद केली, 2007 मध्ये पुन्हा सुरू केली. आज फक्त सहा राज्यांत ती आहे.

आपल्या हातात काय?

गावातल्या पदवीधरांना इथे थेट मत आहे. पण विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून ते मिळत नाही. पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत आणि दर निवडणुकीआधी फॉर्म 18 भरून नव्याने नाव नोंदवावं लागतं. बरेच जण इथेच चुकतात. मग आपल्या भागाचा प्रश्न परिषदेत कोण मांडणार, हे नोंदणी केलेले दुसरेच लोक ठरवतात.