काठावरच्या शहाण्यांना

आमच्या नारायण पेठेत पाण्याविषयी एकच शास्त्र शिकवले जाते आणि ते तीन शब्दांत संपते : पाण्याशी खेळू नकोस. त्यापुढे प्रश्न विचारणाऱ्या पोराला पूर्वी धपाटा मिळे. आता हातात मोबाइल मिळतो. शास्त्र मात्र तेच राहिले आहे.

गेल्या श्रावणात माझा थोरला नातू तीन मित्रांना घेऊन घरी आला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत एक मसलत बसली. ताम्हिणी घाटातल्या कुठल्याशा ओढ्यात हे चौघे म्हणे कयाक घालणार! कयाक म्हणजे एकट्याने बसायची चिंचोळी होडी. उत्तर ध्रुवाकडचे लोक ती सीलच्या कातड्याची करीत. आता प्लॅस्टिकची मिळते. हातात दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे, कमरेभोवती पाणी आत येऊ नये म्हणून ताणलेला पडदा, आणि पुढे धोंड्यांवरून फेसाळत उतरणारे पाणी. सूनबाई पोहे घेऊन आल्या, विषय त्यांच्या कानी पडला आणि बशा हातातच राहिल्या. अर्ध्या तासात घरात सभा भरली. आमची आक्का कोथरुडाहून फोनवर हजर झाली. ठराव झाला : जायचे नाही. विरुद्ध एकच मत पडले, ते माझे. त्या सभेत मला पुढे बोलू दिले नाही, म्हणून वाचकहो, येथे बोलतो.

गैरसमज नको. पोरांचा बेत मला मुळीच पसंत नव्हता. मी त्यांचा कागद मागून घेतला. चांगला दोन पानी होता. त्यावर गाडी कोणाची, पेट्रोल किती, चहा कुठे, डोक्यावर लावायचा कॅमेरा कोणता, सारे होते. फक्त पाणी नव्हते! ओढा कुठे उगवतो, कुठे उतरतो, त्यात मध्येच बाहेर पडायला जागा आहे की दोन्ही बाजूंना उभा कातळ, याबद्दल एक अक्षर नाही. लग्नाच्या यादीत आचारी, मांडव, वाजंत्री सारे असावे आणि नवरी विसरावी, तशातला प्रकार. मी एवढेच म्हणालो, ‘‘ही सहल आहे, बेत नव्हे.’’ नातवाचे तोंड उतरले आणि घरच्यांना वाटले, म्हातारा आपल्या बाजूला आला.

मी त्यांच्याही बाजूला नाही. का, ते सांगतो.

12 जुलै 1961 ला मी आठ वर्षांचा होतो. सकाळी पानशेत फुटले, मग खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठा आमच्या वाड्यात शिरली. आईने मला आणि धाकटीला पुढे घालून सदाशिव पेठेत मामाकडे पळवले. परतलो तेव्हा माजघरात गुडघाभर चिखल होता आणि भिंतीवर माझ्या डोक्याच्या कितीतरी वर पाण्याची रेघ उमटली होती. वाडा पडेपर्यंत ती रेघ कोणी पुसली नाही. त्या दिवसापासून आईने माझे पोहणे बंद केले. तोवर पाठीला भोपळा बांधून विहिरीत टाकण्यापर्यंत माझी मजल गेली होती. ती तिथेच राहिली. पुढे तिशी उलटल्यावर टिळक तलावावर लहान पोरांच्या रांगेत उभा राहून मी पोहायला शिकलो, ही गोष्ट आमच्या घरात अजून विनोद म्हणून सांगतात.

पण मला विचारायचे आहे ते असे : त्या दिवशी आमच्या पेठेत पाण्याशी खेळले होते कोण? लोक घरात होते, दुकानांत होते. फुटले ते माणसाने बांधलेले अपुरे धरण. बदनाम झाली नदी. आणि त्या बदनामीतून आम्ही शिकलो काय, तर पाण्याकडे पाठ करायला. मुठेचे पुढे काय झाले ते भिडे पुलावर नाक धरून जाणाऱ्या कोणालाही विचारा. ज्या नदीत पोरे उतरत नाहीत, तिच्यात गटार सोडायला कोणाला लाज वाटत नाही. हे माझे मत आक्काला पटत नाही. ती म्हणते, आधी गटार आले, मग पोरे गेली. असेल. पण पोरे परत आणण्याचा ठराव कोणी मांडलेला माझ्या ऐकण्यात नाही.

भीतीने माणूस वाचतो, हा दुसरा समज. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या प्रवाहात पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांत मुले होती. ते काही साहस करायला गेले नव्हते. आपण सारेच जातो तसे पाऊस बघायला गेले, खडकावर उभे राहिले. पाणी भोवती वाढले, आणि मागे यायला वाट उरली नाही. त्या दुर्दैवी माणसांना मी बोल लावीत नाही. बोल आपल्याला आहे. सह्याद्रीचे ओढे आखूड आणि उभ्या उताराचे असतात, कातळावर पडलेले पाणी मुरत नाही, तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर माथ्यावर सर कोसळून पाणी तुमच्यावर येऊ शकते, ही गोष्ट शाळेत, घरात, कीर्तनात कुठे कोणी सांगितली? क्यूसेक हा शब्द पुण्यात पोरासोरांना पाठ आहे. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती सोडले ते आपण क्रिकेटच्या धावांसारखे एकमेकांना सांगतो. पण एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, आणि गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलते, हा हिशेब कोणी करीत नाही. 25 जुलै 2024 ला भिडे पूल पाण्याखाली गेला तेव्हाही काठावर छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होतीच.

तेव्हा माझे म्हणणे असे, की पोरांना जाऊ द्यावे, पण पाणी वाचायला शिकून. नातवाला मी शिवाजीनगरच्या गाडीने कोलाडला पाठवले, कुंडलिकेवर. तिथे तराफ्यांतून हजारो लोक उतरतात. ही नदी मुळात आपल्याच घरची, हे मात्र त्यांपैकी किती जणांना ठाऊक असते कोण जाणे! मुळशीला मुळा अडवली, तिचे पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या कड्यापलीकडे फिरवले, पाचशे मीटरच्या आसपास खाली भिऱ्याला सोडले. तिथले वीजघर 1927 मध्ये सुरू झाले. त्या धरणापायी जमिनी गेलेल्या मावळ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह मांडला, आणि पांडुरंग महादेव बापट त्यातून ‘सेनापती’ झाले. जे पाणी संगमावर मुठेला भेटायचे, ते आज सकाळी वीजघरातून सुटते तेव्हा कुंडलिका फेसाळते. सुटले नाही तर तराफा धोंड्यांवर बसतो. म्हणजे तिथला पहिला प्रश्न ‘पाऊस किती?’ हा नसून ‘आज पाणी किती वाजता सोडणार?’ हा आहे. बेत म्हणतात तो इथून सुरू होतो.

नातू परतला तो रागावून. त्याला दिलेल्या शिरस्त्राणाचा पट्टा तुटका होता आणि बदलून मागितल्यावर ‘‘कुछ नही होता’’ असे उत्तर मिळाले. तो उतरला नाही, काठावर बसून राहिला. मित्रांनी थट्टा केली. मला विचाराल तर त्या सबंध सहलीत शहाणपणाचे काम तेवढेच झाले. हे ‘कुछ नही होता’वाले आणि आमचे ‘जाऊच नकोस’वाले मला सख्खे भाऊ वाटतात; दोघांनाही पाणी बघण्याचे कष्ट नकोत.

पुढचे शिक्षण चालू आहे. आधी तलावात उलटी झालेली होडी आत बसल्या बसल्या सुलटी करायची. ते पन्नासदा जमले की पवनेच्या संथ पाण्यात. मग जाणत्या माणसाबरोबर कुंडलिका. घाटातला ओढा त्यानंतर, आणि भर आषाढात तर नाहीच. सर्वांत भ्यायचे कशाला, तर धबधब्याला नव्हे, बंधाऱ्याला. पाण्यात आडवी, सरळ, दिसायला गरीब भिंत. तिच्या पायथ्याशी वरचे पाणी उलटे भिंतीकडे फिरते आणि माणसाला घोळवीत ठेवते, सोडत नाही. त्याखालोखाल आडवे पडलेले झाड : पाणी फांद्यांतून जाते, माणूस जात नाही. ही ठिकाणे होडीत बसून दिसत नाहीत. त्यासाठी काठाने पायी चालावे लागते, तेही खालून वर, पाणी आटल्यावर, म्हणजे कातळातले रांजणखळगे आणि कपारी उघड्या दिसतात.

म्हणून मार्गशीर्षात आम्ही दोघे त्या ओढ्याने चालत वर जाणार आहोत. नातवाने नवा कागद केला आहे. वर ओढ्याचा नकाशा, बाहेर पडायच्या जागांवर तांबड्या खुणा, वरच्या अंगाला पाऊस कळवणारा गावातला माणूस कोण हे विचारून भरायची मोकळी ओळ. कॅमेरा अगदी तळाशी गेला आहे. सौ.नी कागद चष्मा लावून दोनदा वाचला. माझ्या गुडघ्यांचा उल्लेख त्यात कुठेच नाही, एवढीच त्यांची हरकत आहे; आणि ती रास्त आहे.