पाचशे रुपयांचा पट्टा

कमरेला पट्टा बांधला की झाडावर चढणारा माणूस सुरक्षित झाला, ही समजूत आधी मोडली पाहिजे. एप्रिल-मे आला की मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत पावसाळ्यापूर्वीची छाटणी निघते. सोसायटीचे सचिव ठेकेदाराला विचारतात, "माणसांना सेफ्टी बेल्ट आहे ना?" ठेकेदार म्हणतो, "आहे ना साहेब, सगळ्यांना आहे." सचिवांचे समाधान होते. एवढ्या दोन वाक्यांत एका माणसाच्या जिवाची विचारपूस संपते, याची मला चीड येते. कारण तो पट्टा झाडावरच्या कामासाठी बनलेलाच नसतो.

हार्डवेअरच्या दुकानात पाचशे-हजार रुपयांत जो मिळतो तो बहुधा नुसता कमरपट्टा. पाय भक्कम टेकलेले असताना खोडाला रेलून उभे राहायला तो चालेल. पण पाय सुटला तर पडण्याचा सगळा हिसका कंबरेवर आणि मणक्यावर येतो. माणूस उलटा झाला तर पट्ट्यातून निसटूही शकतो. त्याहून जरा बरा ठेकेदार अंगभर हार्नेस आणतो. त्याची कडी पाठीवर असते. ती परांचीवरच्या गवंड्यासाठी आहे: तो आपल्या पायांवर उभा राहून काम करतो आणि चुकून पडलाच तर पाठीमागची दोरी त्याला अडवते. झाडावरचा माणूस असा काम करत नाही. तो पूर्ण वजन दोरीवर टाकून बसतो, फांदीच्या टोकाकडे सरकतो, हात मोकळे ठेवून कापतो आणि परत खोडाकडे येतो. त्याला रुंद बैठक, मांड्यांचे पट्टे आणि बेंबीच्या समोर कडी असलेला हार्नेस लागतो. युरोपात बैठकीच्या हार्नेसला ईएन ८१३ आणि कामाच्या जागी रेलून राहण्याच्या पट्ट्याला ईएन ३५८ अशी वेगळी मानके आहेत, ती उगाच नाहीत. पाठीवरच्या कडीला लटकलेला माणूस पुढे झुकतो, खोडापर्यंत त्याचा हात पोचत नाही, स्वतःला सोडवता येत नाही. पायांत रक्त साचत जाते आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. आपल्याकडे पट्टे आणि हार्नेस आयएस ३५२१ खाली येतात. तो शिक्का पाहून हुरळू नका. माल मानकात बसतो एवढेच तो सांगतो. या कामाला तो योग्य आहे की नाही, हे शिक्का सांगत नाही.

आणि हा हार्नेस अडकवतात कुठे? बहुतेक वेळा पायाजवळच्या फांदीला, कारण तिथे हात सहज पोचतो. दोरी पायाशी बांधली की माणूस दोरीच्या लांबीच्या दुपटीपर्यंत मोकळा खाली येतो आणि मग थांबतो. हिसका शोषणारे साधन, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, मध्ये असेल तर अंगावर येणारा जोर ६ किलोन्यूटनच्या, ढोबळमानाने सहाशे किलोच्या, आत राहतो. ते नसेल आणि दोरी ताणच देणारी नसेल, तर अंगात काय काय तुटेल याचा विचार ठेकेदाराने रात्री झोपण्यापूर्वी एकदा करावा.

आता दोरीकडे येतो, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. "नायलॉनची दोरी आहे, ट्रक बांधतात हिने," असे छातीठोकपणे सांगितले जाते. ती निळी, पिवळी, हिरवी चकचकीत दोरी बऱ्याचदा नायलॉनची नसते; ती पॉलिप्रॉपिलीनची असते. दुकानदार ती किलोवर विकतो. तिच्यावर तुटण्याचा भार लिहिलेला नसतो, बनवल्याची तारीख नसते, मानक तर नसतेच. उन्हात ती लवकर ठिसूळ होते, बोटांना कुसळासारखे धागे टोचायला लागतात ते त्यामुळेच. आणि १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास ती वितळते. दोरी दोरीवर घासली की उष्णता होते, हे लहान मुलालाही हात भाजल्यावर कळते. झाडावर उतरताना संपूर्ण वजन याच घर्षणावर तोललेले असते. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली ज्या गाठीची माहिती प्रसिद्ध केली, ती आणि तिच्या कुळातल्या पुढच्या गाठी मुख्य दोरीला आवळून धरतात: भार पडला की घट्ट, हाताने सैल केली की सरकते. ही गाठ पॉलिप्रॉपिलीनवर भराभर सरकवली तर दोरीचा पृष्ठभाग वितळून गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत दोरीवर गाठ पुढच्या वेळी धरेलच असे नाही. म्हणूनच गाठीची दोरी मुख्य दोरीहून बारीक, लवचिक आणि उष्णता सोसणारी लागते.

कामाची दोरी गाभा आणि वेष्टन अशा दोन थरांची असते. युरोपीय ईएन १८९१ मानकातल्या अ प्रकारच्या दोरीने किमान २२ किलोन्यूटन भार सोसला पाहिजे. अमेरिकेतले झाडांच्या कामाचे झेड १३३ मानक चढायच्या दोरीसाठी साधारणपणे १२.७ मिलिमीटर जाडी आणि सुमारे २४ किलोन्यूटन ताकद मागते. "ऐंशी किलोच्या माणसाला अडीच टनांची दोरी कशाला?" हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे, आणि विचारणारा नेहमी जमिनीवर उभा असतो. गाठ मारली की दोरीची ताकद तिसऱ्या हिश्शाच्या आसपास कमी होते. फांदीवरून वाकली की आणखी घटते. चीक लागतो, माती आत शिरून गाभ्याचे धागे आतून कापते, ऊन रोज थोडे खाते. इतके सगळे वजा झाल्यावर जे उरते त्यावर माणूस लटकतो.

सह्याद्रीत चढाई करणारी काही तरुण मुले आता या कामात येत आहेत. त्यांचे स्वागत आहे. गाठी आणि शिस्त त्यांना आधीपासून येते. पण कड्यावरची ताणणारी दोरी त्यांनी झाडावर आणू नये. ती पडणाऱ्याला झेलण्यासाठी बनवलेली आहे, नुसते अंगाचे वजन टाकले तरी दहा टक्क्यांपर्यंत लांबते. करवत हातात घेऊन तिच्यावर वरखाली झुलत राहणे धोक्याचे. कामाची दोरी पाच टक्क्यांच्या आतच लांबते. कड्यावरचा हलका हार्नेसही तासभर बसायला नाही. मांड्या बधिर होतात आणि बधिर माणूस घाईत चुकतो.

सगळे साहित्य उत्तम आणले आणि दोरी चुकीच्या फांदीवर टाकली, तर खर्च वाया आणि माणूसही. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ. शेवग्याची फांदी तर पोराच्या वजनाने मोडते, हे कोकणात आणि देशावर घराघरांत माहीत आहे. पर्जन्यवृक्षाचा घेर पाहून माणूस भुलतो, पण वाळलेली, आतून पोखरलेली फांदी पानांच्या गर्दीत खालून दिसत नाही. दोरी खोडालगतच्या जिवंत, जाड बेचक्यातूनच गेली पाहिजे, आणि चढण्यापूर्वी दोन माणसांनी खालून तिच्यावर एकदम वजन टाकून पाहिले पाहिजे. एकाने वर जायचे असले तरी परीक्षा दोघांच्या वजनाची. यात एक हिशेब असा आहे की तो कोणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही: दोरीचे एक टोक खाली बुंध्याला बांधून, दोरी वरच्या बेचक्यातून नेऊन, दुसऱ्या टोकावर माणूस चढला, तर त्या बेचक्यावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. दीडशे किलोची ओढ सोसणारी फांदी ऐंशी किलोच्या माणसाला पुरेल असे वाटते. ती पुरणार नाही.

यंत्राच्या करवतीबद्दल थोडक्यात. ताणलेली दोरी चालू साखळीला नुसती शिवली तरी तुटते. म्हणून करवत सुरू करण्यापूर्वी माणूस दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेला हवा: एक मुख्य दोरी, दुसरा खोडाभोवतीचा पट्टा. ब्रिटनमध्ये २००५ च्या उंचीवरील कामाच्या नियमांनी दोरीवरच्या कामाला दोन वेगवेगळ्या जागी बांधलेल्या दोऱ्या हा सर्वसाधारण दंडक घातला. आपल्याकडे एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने करवत चालवणारा माणूस "धाडसी" म्हणून वाखाणला जातो. त्याच्या धाडसाचे कौतुक करणाऱ्यांनी त्याच्या मुलांच्या शाळेची फी भरायची तयारी ठेवावी.

नारळाची गोष्ट वेगळी आहे आणि कोकणात, गोव्यात तीच रोजची आहे. तिथे बेचकेच नाही. झावळीचा देठ कितीही जाड दिसला तरी त्याला दोरी अडकवायची नाही, कारण जुनी झावळी बुडातून सुटते. म्हणजे आधार एकच, खोड. पाडेल्यासाठी, म्हणजे नारळ पाडणाऱ्यासाठी, खोडात खाचा पाडण्याची जुनी पद्धत आहे. नारळाच्या खोडाला नव्या सालीने जखम भरून काढता येत नाही. ती खाच झाड मरेपर्यंत राहते आणि लाल सोंड्या भुंग्याला अंडी घालायला जागा मिळते. बागायतदार त्याच खाचांवर पाडेल्याला चढवतो आणि मग सोंड्या लागला म्हणून कपाळाला हात लावतो. बुटाला लोखंडी काटे बांधून जिवंत झाडांवर चढणारे छाटणीवाले हेच करतात. तोडायच्या झाडावर काटे ठीक. ठेवायच्या झाडावर ते वापरणाऱ्याला काम देऊ नये.

नारळ विकास मंडळाने २०११ पासून 'नारळवृक्षाचे मित्र' हे प्रशिक्षण सुरू केले, पायांनी चालवायची चढण्याची यंत्रे दिली, सोबत विम्याची जोड दिली. चांगले काम. पण यंत्र माणसाला वर नेते. वर पोचल्यावर पेंडीकडे झुकून कोयता चालवताना त्याला खोडाभोवती बांधलेला स्वतंत्र पट्टा लागतो, आणि यंत्र विकत घेणारा बागायतदार नेमका तोच घेत नाही.

"आमची माणसं पिढ्यान्पिढ्या चढतात, त्यांना दोरीची अडचण होते," हे वाक्य मी बागायतदारांकडून ऐकतो, ठेकेदारांकडून ऐकतो, शिकलेल्या लोकांकडूनही ऐकतो. अडचण होते हे खरे आहे. काचणारा, न बसणारा, पाठीवर कडी असलेला हार्नेस दिला तर होणारच. शिवाय मजुरी झाडागणिक मिळते. दोरी बांधून, तपासून चढणारा दिवसाला कमी झाडे करतो आणि कमी पैसे घरी नेतो. सुरक्षेची किंमत त्याच्या मजुरीतून कापायची आणि वर तोच दोरी नाकारतो म्हणायचे, हा निलाजरेपणा आहे. रोजावर पैसे द्या, अंगाला बसणारे साहित्य द्या, शिकवा. मग कोण नाकारतो ते पाहू. वाऱ्याची दिशा, फांदीचा कल, कुठल्या झावळीत गांधीलमाशा आहेत, हे त्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळते. जी गोष्ट विकत घ्यावी लागते तेवढीच त्याच्याकडे नाही.

कायद्याचेही सांगतो. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडाल तर दंड. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेजचा मान मिळाला. झाडांची बाजू घेणारा माणूस म्हणून मला याचा आनंद आहे. पण त्याच झाडावर माणूस कशाच्या आधाराने चढणार, हे विचारणारा कागद मला अर्जांच्या गठ्ठ्यात कधी दिसला नाही. १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा बांधकामासाठी होता. ताडामाडांतून रस काढणारे आणि झाडे तोडणारे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत होते, म्हणजे त्या जुन्या कायद्यालाही हे काम जिवावरचे आहे हे कळले होते. पण भरपाई मागायला नोकरी सिद्ध करावी लागते, आणि हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाची बायको ती कशी सिद्ध करणार? एका नगरपालिकेची छाटणीची निविदा मी ओळ न ओळ वाचली आहे. फांदीच्या जाडीचे दर त्यात होते, कचरा वाहून नेण्याचे दर होते. साधनांबद्दल एकच वाक्य होते: ठेकेदाराने आवश्यक ती सुरक्षा साधने पुरवावीत. कोणती, कुठल्या मानकाची, कोण तपासणार, काही नाही. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम. म्हणजे खरी दोरी विकत घेणारा ठेकेदार दराच्या शर्यतीत पहिल्या दिवशीच हरणार, याची तजवीज निविदेनेच केली.

या मोसमात ठेकेदार दारात आला की साहित्य उघडून मागा. दोरीवरची पट्टी वाचा. पट्टी नसेल तर ती दोरी फांद्या खाली सोडायलाही नको. हार्नेसची कडी पुढे आहे का पाहा. कॅराबिनरच्या, म्हणजे दोरी जोडायच्या हुकाच्या, पाठीवर किलोन्यूटनचे आकडे कोरलेले असतात: लांबीच्या दिशेने वीस-बावीसच्या पुढे, आडव्या दिशेने सातच्या आसपास. त्याचे तोंड आपोआप बंद होऊन कुलूप लागते का ते हाताने करून पाहा. फिरकीची कुलुपे सालीवर घासून सैल होतात. हेल्मेटला हनुवटीचा पट्टा आहे का? वर पाहताच मागे पडणारे पिवळे हेल्मेट डोक्याच्या काही कामाचे नाही. जवळून विजेची तार जात असेल तर वीजपुरवठा बंद केल्याशिवाय कोणी चढणार नाही, हे आधी ठरवा. ओली फांदी आणि तारेच्या गाभ्याचा पट्टा दोन्ही वीज वाहतात. आणि शेवटचा प्रश्न असा: वरचा माणूस बेशुद्ध होऊन लटकला तर खाली उभ्या असलेल्यांपैकी कोण चढणार आणि कुठल्या दोरीवर? दुसरा संच आणि तो वापरता येणारा दुसरा माणूस खाली नसेल, तर काम सुरू करू देऊ नका. अग्निशमन दलाची शिडी गाड्या लावलेल्या गल्लीतून आत येईपर्यंत त्या माणसाजवळ वेळ नसतो.

खरा संच हजारा-दोन हजारांत येत नाही. दहा हजारांच्या पटीत रुपये जातात, आणि कापडी भाग ठरावीक वर्षांनी, किंवा एकदा मोठा हिसका बसला की लगेच, बाद करावे लागतात. हा खर्च ठेकेदाराच्या बिलात वेगळी ओळ म्हणून मागा आणि सभेत मंजूर करा. ती ओळ मंजूर होत नसेल तर त्या वर्षी छाटणी रद्द करा, झाडाखाली गाड्या लावणे बंद करा आणि फांद्या जशा आहेत तशा राहू द्या.