कामावर जाणाऱ्या आईच्या घरातल्यांसाठी

सोमवारी कामावर रुजू व्हायचं आणि रविवारी संध्याकाळी पहिल्यांदा बाटली बाळाच्या तोंडाला लावायची, असं आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत बऱ्याच घरांत होतं. बाळ निपल जिभेनं बाहेर ढकलतं, लाल होऊन रडतं. त्याला बघून आई रडते, सासूबाईंचा जीव वरखाली होतो. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "ऱ्हाऊ दे उपाशी, भूक लागली की गप घेतंय."

हा सल्ला कृपा करून देऊ नका आणि कुणी दिला तर ऐकू नका. भुकेनं कासावीस झालेलं बाळ काहीही शिकत नाही. त्याला त्या घडीला ओळखीचंच हवं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याच्या तोंडात अनोळखी वस्तू कोंबतो. दोन-तीनदा असं झालं की बाटली नुसती दिसली तरी ते अंग ताठ करून रडायला लागतं. लहान बाळ फार वेळ उपाशी राहिलं तर त्याच्या अंगातलं पाणी कमी होतं आणि ते मलूल पडतं.

बाळाच्या बाजूनं बघितलं तर त्याचा हा हट्ट नव्हे. अंगावर पिताना ते तोंड मोठं उघडतं, जीभ पुढे आणून ओढतं, पान्हा फुटला की भराभर गिळतं, मग थांबतं, पुन्हा ओढतं. दूध किती आणि कधी घ्यायचं हे त्याच्या हातात असतं. बाटलीतलं दूध मात्र त्यानं न मागता घशात उतरत राहतं. वर रबराचा वास, आईची ऊब नाही. एवढा सगळा बदल एका रात्रीत त्यानं पत्करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून पहिलं सांगणं असं, की रुजू व्हायच्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी सुरुवात करा. मात्र बाळ महिन्याचं व्हायच्या आत नको. त्या दिवसांत त्याचं अंगावरचं पिणं नीट बसू द्यावं.

दुसरं सांगणं बाटलीबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: आधी वाटी-चमचा. बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. आपल्या देशात दुधाची पावडर आणि दूधबाटल्या यांच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, ती उगीच नाही. बाटलीच्या बुचात, निपलच्या आतल्या कडेला दुधाचा थर राहतो, तो आंबतो, आणि बाळाला जुलाब लागतात. वाटी एका नजरेत स्वच्छ दिसते. इतक्या लहान बाळाला वाटीनं जमेल का, अशी शंका येईल. नवजात बाळांच्या विभागात अपुऱ्या दिवसांची, दीड-पावणेदोन किलोची बाळंसुद्धा वाटी-चमच्यानं दूध घेतात. तुमचं तर अंगानं भरलेलं आहे. बारशाला आलेली चांदीची वाटी कपाटात कापडात गुंडाळून पडली असेल, ती बाहेर काढा. स्टीलची असली तरी काही बिघडत नाही.

पाजायची रीत अशी. बाळ पूर्ण जागं असावं आणि भूक नुकती लागायला लागलेली असावी, म्हणजे ते हात चोखतंय, मान वळवून शोधतंय, अजून रडत नाही, अशी वेळ. मांडीवर जवळजवळ बसतं धरा, मान आणि पाठ हातानं सावरा. हात मध्ये येऊ नयेत म्हणून दुपट्यात सैलसर गुंडाळा, गळ्याशी लाळेरं बांधा. चमच्याची कड खालच्या ओठावर टेकवा आणि तिथंच थांबा. दूध ओठाला लागलं की बाळ जीभ बाहेर काढून चाटतं, मग घुटका घेतं. घुटका गिळेपर्यंत दुसरा चमचा नाही. घशात ओतायचं तर कधीच नाही. पहिले काही दिवस अर्धं दूध लाळेऱ्यावर जाईल, अर्धा तास लागेल. लागू दे.

जुन्या घरांत अजून बोंडलं असतं. बाळाला आडवं घेऊन, कधी नाक दाबून, बोंडल्यानं दूध ओतायची पद्धत मात्र आता सोडाच. दूध श्वासनळीत जाऊन ठसका लागतो, ते जिवावर बेतू शकतं. शिवाय बोंडल्याची नळी आतून घासता येत नाही.

घरी सांभाळणारं माणूस एकटं आहे, वय झालंय, वाटीनं तासभर बसणं जमत नाही, अशीही घरं आहेत. तिथं बाटली वापरायची तर वापरा. त्यासाठी कुणी आईला बोल लावू नये. फक्त सगळ्यांत कमी धारेचं निपल घ्या. बाळाला बसतं धरून बाटली आडवी ठेवा, उभी उलटी नको. निपल ओठाला लावून बाळानं तोंड उघडायची वाट बघा. पाच-सहा घुटके झाले की बाटली खाली करून त्याला दम घेऊ द्या. तोंड फिरवलं की संपलं, तळाशी उरलेलं संपवायचा आग्रह नको. उशीला बाटली टेकवून बाळाला एकटं ठेवू नका. प्रत्येक वेळी बुच, निपल सुटं करून ब्रशनं घासा आणि दहा मिनिटं उकळा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हे काम आईनं करायचं नाही. आई समोर असताना बाळ चमचा का घेईल? तिच्या दुधाचा वास त्याला ओळखू येतो. तेव्हा आज्जीनं, आत्यानं, बाबानं बाळ घ्यावं, आणि आईनं चपला घालून रंकाळ्यावर एक फेरी मारून यावी. बाबांना मुद्दाम सांगते, की संध्याकाळचं एक पाजणं तुमच्याकडे घ्या. तालमीत, मंडळात तुमच्यावाचून अर्धा तास काही अडत नाही. दिवसातून एकदाच, रोज साधारण त्याच वेळी प्रयत्न करायचा. दहा मिनिटांत रडू आलं तर थांबा, खांद्यावर घेऊन शांत करा, आई आली की अंगावर पाजू द्या. उद्या पुन्हा.

दूध अर्थात आईचंच. हात धुऊन, अंगठा आणि बोट काळसर भागाच्या कडेला ठेवून, आधी छातीकडे दाबून मग चिमटीत दाबलं की दूध येतं. पंप असला तर सोपं, नसला तरी अडत नाही. सुरुवातीला वाटीच्या तळाला जेमतेम लागेल इतकंच निघतं. त्यावरून "दूधच नाही" असं ठरवू नका, पिळायची सवय झाली की वाढतं. काढलेलं दूध खोलीत चार तासांपर्यंत राहतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात एवढीही वाट बघू नका. फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आत ठेवलं तर चोवीस तास चालतं. डब्यावर वेळ लिहा. वर साय आल्यासारखा थर जमतो, ते नासलेलं नसतं; हलकं फिरवलं की मिसळतं. गॅसवर उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कोमट पाण्यात वाटी ठेवून ऊन करा. उष्टं उरलेलं टाकून द्या, जिवावर आलं तरी.

महिना ते सहा महिन्यांचं बाळ दिवसरात्र मिळून सरासरी पाऊण लिटर दूध पितं. आई आठ तास बाहेर असेल तर पाव लिटर ते तीनशे मिलीलीटरची तजवीज लागते, एवढा हिशोब डोक्यात असू द्या.

आणि गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध? त्याचा मलाही अभिमान आहे, पण ते तुमच्या-माझ्यासाठी. आईच्या दुधापेक्षा म्हशीच्या दुधात प्रथिनं जवळजवळ चौपट असतात, तान्ह्याच्या मूत्रपिंडाला तो भार झेपत नाही. पाणी घातल्यानं प्रश्न सुटत नाही, उलट पोषण कमी होतं. गाईचं, शेळीचं, पिशवीतलं दूधही नको. आईचं कमीच पडलं तर डॉक्टरांना विचारून डब्यातली पावडर. तीही डब्यावरच्या मापानं, चमचा सपाट करून. डबा महाग म्हणून पाणी वाढवलं की बाळ नुसतं पाण्यावर वाढतं.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाचं काम सोपं आहे. नाचणीची खीर, मऊ वरणभात सुरू झालेला असतो, दूध सरळ वाटीनं द्यावं, बाटलीच्या वाटेला जाऊच नये.

काही बाळं सगळं करूनही दिवसा थोडंच घेतात आणि आई आली की रात्रभर पितात. चोवीस तासांत सहा वेळा तरी लंगोट भिजत असेल, वजन वाढत असेल, बाळ हसतंखेळतं असेल, तर काळजी नको. शू कमी झाली, टाळू खोल गेली, बाळ सुस्त पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, 'सीपीआर' रुग्णालयात न्या. पण रात्रभर पाजून सकाळी सातला डबा घेऊन निघणाऱ्या बाईची झोप कुठून भरायची? सुट्टीच्या दुपारी तिला दोन तास निजू द्या. भांडी, धुणं, पाहुणे दुसऱ्यानं बघावेत.

शेवटी दुकानदार आणि कारखानदारांना विनंती. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या द्यायच्या, ही तरतूद तर त्याआधीपासूनच आहे. पण दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला हे नियम लागू होत नाहीत, आणि महाद्वार रोडवर, ताराबाई रोडवर अशीच दुकानं जास्त. तिथल्या मुली दोन-तीन महिन्यांतच कामावर येतात. त्यांना माडीवर पडदा लावून एक कोपरा द्या, बसायला खुर्ची, हात धुवायला पाणी, आणि दिवसातून दोनदा वीस मिनिटं. ज्या दुकानांत फ्रिज आहे, तिथं तिच्या डब्याला वरचा एक कप्पा मोकळा ठेवा.